सुनीलचं पिवळं फडकं

४ फेब्रु., मंगळ.
चाळीसगावकडे लग्नाला गेलो आणि माझ्या धाकट्या भावाला पोलीस उचलून घेऊन गेले. सुनील मांडवाबाहेर लोकांच्या मोटारसायकली पुसत होता. देवपूरला आमच्या गल्लीत रोज पुसतो, पिवळं फडकं कायम खिशात. इथं कुणीतरी चोर म्हणून ओरडलं. त्याच्या बारा वर्षांच्या मानसिक आजाराची फाइल कायम सोबत असते, ती घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हवालदाराने उघडलीसुद्धा नाही. म्हणे, वेड्याचं सोंग आम्ही रोज बघतो.

६ फेब्रु.
गाड्यांच्या तीन जुन्या चोऱ्या त्याच्या नावावर. त्याने कबूल केल्या म्हणे. करणारच! मीच शिकवलंय त्याला, मोठ्या माणसाने काही विचारलं की हो म्हणायचं, वाद नको. कुणाचा मार खाऊ नये म्हणून. त्याला साधी सायकल चालवता येत नाही, पण ते विचारायचं एकालाही सुचलं नाही. पोलिसांनी नेलं त्या सरकारी डॉ.ने नाव-गाव विचारलं आणि 'तब्येत ठीक' लिहून दिलं. अंगाचा नुसता तिळपापड.

२१ फेब्रु.
जेलमध्ये भेट. बाहेरच्या गोळ्या चालत नाहीत, आतल्या डॉ.ची चिठ्ठी पाहिजे. ते आठवड्यातून एकदा येतात, या आठवड्यात आलेच नाहीत. सुनील हाताने जाळी पुसत होता.
"अक्का, गोया लयनी का?"
आणल्या होत्या, पर्समध्येच होत्या.

१२ मार्च
जामीन नाही. वकील म्हणतात, पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. पण जजसाहेबांसमोर तो स्वतः हो म्हणाला, तर अवघड. मानसिक तपासणीचा अर्ज दिला. तपासणीची तारीख कोर्टाच्या तारखेनंतरची! कुणाला काही वाटत नाही. बघू म्हणतात सगळे, बघत कुणी नाही.

८ एप्रिल
उद्या अकराला कोर्ट. आज भेटीचा सगळा वेळ एकच धडा. गाड्या चोरल्या का विचारलं, की नाही म्हणायचं. त्याने मान हलवली. मग मी विचारून पाहिलं, चोरल्या का रे?
"हा, अक्का."
पुन्हा समजावलं, पुन्हा तेच. शेवटी मी चिडले, नाही म्हण ना रे, नाही! तो मागे सरकला, दोन्ही हात डोक्यावर घेतले.
"नही म्हनं की मारतस, अक्का."
वेळ संपली.
हो म्हणाला तर जेल, नाही म्हणायची भीती. उद्या सकाळी त्याला काय सांगू, अजून ठरत नाही.