मानेवरचा मळ

छोटे, तुझ्या डोक्यावर दादाचा हात.

मी मजेत आहे. दुकान बरं चाललंय, खुर्च्यांना नवीन रेक्झिन लावलंय. आईचे गुडघे काय म्हणतात? हे पत्र मात्र तिला वाचून दाखवू नकोस.

परवा केस कापताना एका गिऱ्हाईकाची मान काळी दिसली, जाडसर, मखमलीसारखी. मळ समजून मी ओल्या टॉवेलने घासायला लागलो. नंबर लावून बसलेले डॉक्टर ओरडले, "अहो, सोलून काढाल त्याला! तो मळ नाही. साखरेची गडबड सुरू झाली की मान अशी काळवंडते. रक्त तपासायला सांगा."

माझा हातच थांबला. शाळेत तुझा फोटो काढायचा होता, तेव्हा "अंघोळीची गोळी घेतलीस का?" म्हणत मी तुझी मान घासणीने लालबुंद केली होती. अजून बंद गळ्याचेच कपडे घालतेस ना? चुकलं माझं.

तेव्हापासून चैन नाही. काल दुकान रिकामं असताना मीच खुर्चीत बसलो आणि मागे आरसा धरला. अकरा वर्षं लोकांना त्यांची मान दाखवतोय, स्वतःची कधी पाहिलीच नव्हती. हुबेहूब तुझ्यासारखी आहे गं.

सोमवारी मी उपाशीपोटी रक्त द्यायला जातोय. तूही त्याच दिवशी जा. टाळाटाळ नको.

एवढं कळूनही काल खोलीवर आल्यावर मी मान घासलीच. फार आग होतेय. तू तेव्हा रडली कशी नाहीस?

तुझा,
दादा