ओटी भरलेली जीप

करमाड, रविवार

प्रिय मुबारक,

सलाम आणि सप्रेम नमस्कार. लासूर स्टेशनला लेकीकडे, उजमाकडे राहायला गेल्यापासून तुझा गुडघा काय म्हणतो? मुनिराभाभींना आमचा नमस्कार सांग. माझी साखर ठीक आहे (म्हणजे तपासलेली नाही).

पत्राला तसं काही कारण नाही. आपली जीप भंगारात दिली, एवढंच. मला त्याचं काही वाटत नाही. आमचे चिरंजीव सुयशराव म्हणाले, जुनी गाडी मोडीत काढली की नवीवर सवलत मिळते. (नवी घेतली तरच. म्हणजे जुनीचं दुःख करायलाही शोरूममध्येच जायचं.) त्याआधी सरकारी तपासणी झाली. ब्रेक उत्तम, दिवे उत्तम, धूरही बेताचा. मग तिथल्या साहेबांनी चावी फिरवली आणि बाईसाहेब हूं की चूं करेनात. मी म्हटलं, साहेब, बॉनेटवर दोनदा थोपटून 'चल उठ बेटा' म्हणावं लागतं, आमच्या मुबारक मेस्त्रीनं तिला तशी सवय लावलीय. मला हात लावू देईनात. त्यांनी यादी पाहिली, त्यात थोपटण्याचा रकाना नव्हता. नापास!

वाईट वाटलं ते एकाच गोष्टीचं. त्या कागदावर चेसिस नंबर आहे, इंजिन नंबर आहे. पण घाटी दवाखान्यात पोचायच्या आत, चिकलठाण्याजवळ, तुझा फरहान तिच्या मागच्या सीटवर जन्मला, हे कुठंच नाही. मागं भाभींजवळ तुझी वहिनी, स्टेअरिंगवर तू ढसाढसा रडतोयस आणि मी शेजारी बसून रस्ता दिसावा म्हणून तुझे डोळे पुसतोय. फार चांगले दिवस होते रे ते.

काल गाडी उचलून न्यायला माणसं आली, तर तुझी वहिनी हळदकुंकू, खण-नारळ घेऊन बाहेर. पुढच्या सीटवर ओटी भरली! म्हणे, घरातली लेक निघालीय, रिकामी कशी पाठवू? मीही मागोमाग भंगाराच्या यार्डात गेलो. तिथं गाड्या कापणारा संघपाल नावाचा कामगार होता. त्यानं ती ओटी पाहिली आणि गॅसकटर खाली ठेवला. म्हणाला, "आजोबा, ओटी भरल्याली लेक म्या नाय कापणार. मुराळी धाडा अन् माहेरी न्या तिला." मी हसलो. (बहुतेक हसलोच असेन.)

असो. एकूण सगळं सुखरूप पार पडलं आणि अंगण मोकळं झालं.

तुझा,
नानासाहेब

ता. क. : मोडीत काढायच्या कागदावर सही तेवढी राहिलीय. चष्मा घरी विसरलो म्हणून सांगितलं. तो खिशातच होता.

ता. क. २ : पुढच्या मंगळवारी फेरतपासणी ठरवलीय. मुराळी म्हणून तू ये. सुयशला बोलू नकोस. फोनवर तो शेजारीच असतो, म्हणून हे पत्र.

ता. क. ३ : यार्डातून निघताना मीही दोनदा थोपटून 'चल उठ बेटा' म्हणून पाहिलं. उठली नाही. माझा आवाज भरून आला होता, तिला ओळखू आला नसेल. तू मोठ्यानं म्हण.