सुमामावशीचं पान

९ ऑगस्ट
मराठी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन. पंधरा ऑगस्टला आईच्या सुमामावशीचा गौरव करायचाय. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेली ती, तिथंच संपली.
"फक्त फोटो पाठवा."
फोटो नाहीच. भंडाऱ्याकडच्या खेड्यातली एकोणीस वर्षांची पोर, कोण काढणार?
"हो जाएगा मॅडम, कंप्यूटरवर बनवू."

१५ ऑगस्ट
हॉलमध्ये फ्लेक्स. गोरीपान, कोरलेल्या भुवया. नव्वदीला टेकलेली आई बराच वेळ बघत राहिली.
"हे कोण होय वं?"
"तुझी मावशी."
"बापा! हे तर सिरियलमधली सून दिसून राह्यली. मावशी सावळी होती, दात पुढं."
खाली लिहिलेलं, 'अन्नत्याग करून प्राणार्पण'. त्याच्याखाली टेबल, टेबलावर समोसे. आई शिवली नाही.

हुडको कॉलनीतल्या घरी परतताना आई ऑटोत बोलत सुटली. "मले कडेवर घेऊन प्रभातफेरीत जाय. झेंडा माह्या हातात, गाणं तिचं, सूर दोघींचाही नाही." हसली. मग पोलिसांनी गावातली माणसं उचलली, आईचे बाबाही. मावशी ठाण्यासमोर बसली, तिलाही आत टाकलं. तिथं म्हणाली, आधी माणसं सोडा, मग जेवतो. ती गेली. मग माणसं सोडली.
"बाबा घरी आले. पण तिले कोणी सांगतलंच नाही. उपास तसाच राह्यला तिचा."
गोष्ट लहानपणापासून ऐकतेय. हे शेवटचं आज पहिल्यांदा.

१० सप्टें.
पितृपक्ष. आईचं टुमणं: सर्वपित्रीला मावशीचं पान वाढायचं, उपास सोडवायचा.
दादा: "ती आपल्या घरची नाही. लग्नही नव्हतं झालं. कोन्या नात्यानं वाढू?"
दादानं उभी नोकरी प्लांटच्या सेफ्टी डिपार्टमेंटला काढली. पितरांनाही हेल्मेटशिवाय आत सोडत नाही. इंग्रजांनी तिला निदान कोठडी दिली, आमच्याकडे पानापुरती जागा नाही.
आई: "तुह्या आज्याले तिनंच सोडवलं न रे."
दादा पंचांग मिटून उठला. त्याचं उठणं म्हणजे हो नव्हे.

२१ सप्टें., सर्वपित्री
दादानं गच्चीवर नेहमीची पानं ठेवली. आई काठी टेकत चढली. कठड्याच्या टोकाला स्वतः वेगळं पान मांडलं. कढी, भात, वडे. आधी लिंबाचं सरबत.
आणि मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं: "मावशी वं, बाबा आले घरी. समदे आले. आता जेव."
दादा तडक खाली गेला. वर आला तो खुर्ची घेऊन. आईमागे ठेवली.
कावळे आले. दादाच्या पानांवर तुटून पडले. मावशीच्या पानाकडे एकही फिरकला नाही. हे लिहितेय तोवर तरी नाही.
दादा: "आई, शुगर आहे तुले. चल, दोन घास खा."
"ती जेवल्यावर."