कंट्रोलला माझं रक्त

७ जानेवारी २०२५, जळगाव

कुंदन बाद! जीन थेरपीच्या चाचणीतून बाद!

पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर फार जपून सांगितलं. इतकं जपून बोलतात तेव्हाच कळतं. धाकट्या भावाला आता काय तोंड दाखवू?

११ जानेवारी, धुळे

सकाळच्या एसटीने आले. कुंदन दुकानात कुणाचं तरी घड्याळ उघडून बसलेला, डोळ्याला भिंग. डावा गुडघा उशीवर. पुन्हा आत रक्त उतरलंय. हिमोफिलिया काही सुट्टी घेत नाही.

समजावलं त्याला — ज्या विषाणूच्या पाठीवर बसवून चांगलं जनुक तुझ्या यकृतात न्यायचं, तो तुला आधीच कधीतरी लागून गेलाय. शरीर आता त्याला ओळखतं, आत येऊ देणार नाही.

"म्हंजे पाव्हना आधीच ई गया!" हसला. मग म्हणाला, "अक्का, मना नंबर नही लागना त दुसराना लागी. रडू नको."

मला राग येतो या शहाणपणाचा. निदान शिव्या तरी दे! अर्धं आयुष्य जीन थेरपीत घातलं. भाषणांत म्हणायचे, समाजासाठी. समाज गेला चुलीत — याच्या गुडघ्यासाठी घातलं.

निघताना हळूच बोलला, "मनापायी तुनं लगीन बी ऱ्हायनं."

गप रे, म्हटलं.

१२ जानेवारी

ते वाक्य काही जात नाही.

कॉलेजात असताना दाढ काढली, तर दिवसभर रक्त थांबेना. तपासणीत रक्त गोठवणारा फॅक्टर जरा कमी आला. आईने कपाळावर हात मारला — "तू बी मनासारखीच!" कुंदनला आलं ते आईकडूनच. बाई वाहक असली की तिला स्वतःला फारसं काही होत नाही, ती पुढच्याला देते.

म्हणून अमळनेरच्या प्रेमराजांना मीच नाही म्हटलं. माझ्या पोटी दुसरा कुंदन नको! ते म्हणाले होते, "आलाच तर सांभाळू की दोघं मिळून." वर्षभर थांबले बिचारे. त्यांना मुलं किती, कधी विचारलं नाही. विचारवलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. लॅबमध्ये पेढे — पहिल्या रुग्णाचं नक्की झालं. दुसऱ्या कुणाचं तरी. मीही एक खाल्ला.

२० जानेवारी

धाकटी बहीण सारिका चोपड्याहून लेकीला घेऊन आली. दीपमालाला तिसरा महिना. कुंदनमामाचं हे दुखणं आपल्यात उतरलंय का, ते तिला जाणून घ्यायचंय. "अक्का, मना जीव ठिकानवर नही," सारिका म्हणाली. पोर पदराशी चाळा करत बसलेली.

आमच्या घरात जनुक जिथे बिघडलंय, त्या जागी वाहक बाईच्या आलेखात दोन शिखरं दिसतात, एक चांगल्या जनुकाचं, एक बिघडलेल्याचं. चाचणी नीट चालते की नाही हे बघायला सोबत एक खात्रीची वाहक लागते, कंट्रोल म्हणून. कुंदन चालत नाही, पुरुषाला एकच प्रत. आई राहिली नाही. मग मी आहेच की!

रक्त काढताना अलफिया, माझी पीएचडीची विद्यार्थिनी, म्हणते, "मॅडम, तुमचं कधी केलंच नाही?"

माहीत असलेलं काय तपासायचं, म्हटलं.

२४ जानेवारी

दीपमालाला एकच शिखर. चांगलं! पण कंट्रोल फसला, माझ्यातही एकच. कंट्रोल फसला की सगळीच चाचणी फुकट.

अलफियावर ओरडले, नमुने अदलाबदल केलेस म्हणून. रडवेली झाली पोर. "लेबलं तुम्हीच लावली होती, मॅडम."

उद्या नवीन रक्त. सगळं माझ्या हाताने.

२८ जानेवारी

पुन्हा तेच.

मग कुंदनच्या बिघडलेल्या जनुकात अलफियाचं चांगलं मिसळून खोटी वाहक तयार केली. तिच्यात दोन्ही शिखरं स्वच्छ. म्हणजे चाचणी चोख आहे. दीपमाला सुटली.

आणि माझ्यात एकच. चांगलं. मी वाहक नाही. कधीच नव्हते! दाढेचं रक्त म्हणजे नुसतं दाढेचं रक्त; फॅक्टर जरा कमी तर कुणाचाही येतो. जिल्हाभरातल्या बायकांची रक्तं तपासली मी, या हातांनी.

अलफियाची माफी मागितली. तिने चहा आणून ठेवला. तसाच गार झाला.

२९ जानेवारी

कुंदनला फोन केला. दीपमाला सुटली रे, म्हटलं. इतका खूश झाला! मग म्हणाला, "अक्का, तू बी अशीच सुटी जाती, त कितलं बरं व्हतं!"

हो रे, म्हटलं.