पडद्याआड दोघी

२९ एप्रिल, सोमवार

रेडिओवर सांगितलं — आजपासून चेहरा झाकायचा नाही! अख्ख्या देशात. डोकं झाका, अंग झाका, पण तोंड दिसलं पाहिजे. नाहीतर अटक.

मी इडियप्पमच्या, तांदळाच्या शेवयांच्या, साच्यात पीठ भरत होते. हात तसाच राहिला. उवैसा मामी म्हणाली, "पीठ गार होतंय." तिचाही आवाज बसलेला.

ईस्टरला चर्चमध्ये बाँब फुटले त्याला आठवडा झाला. करणारे आपल्यातलेच. तेव्हापासून कोपऱ्याकोपऱ्यावर सैनिक. सगळं गाव घाबरलंय. पण माझी भीती वेगळी. बोलायला कुणी नाही म्हणून इथे लिहिते.

मला रिझलानची भीती वाटते. माझा नवरा. घरोघरी लुंग्या विकतो, व्हॅन घेऊन बेटभर फिरतो. माझा डावा कान त्याच्यामुळेच गेला. दोन वर्षांपूर्वी पळाले. मन्नारला मीठ भरलं, पुत्तलमला कोळंबी सोलली, कुठेच टिकले नाही (शाळेतही टिकले नव्हते!). मग इथे, मामीच्या मागच्या खोलीत. तिला सांगितलंय, नवरा कुवेतला असतो.

नकाब आधी कधी घातला नव्हता. इथे सगळ्याच घालतात म्हणून घातला — आणि काय सुटका! त्या काळ्या कपड्यात मी गावातली कुणीही. खाडीवर जाऊन खेकडे बघत बसा, कुठल्याही बसमध्ये चढा, शेवटच्या थांब्यावर चहा प्या, परत या. विचारतंय कोण!

आता ओठाखालचा तीळ सगळ्या देशाला दिसणार. "तुझं तोंड मी हजारात ओळखीन" — लग्नाच्या वर्षी हे लाडात म्हणायचा. पुढे तेच वाक्य दात आवळून म्हणायला लागला.

३० एप्रिल

जौफर मौलवी आले होते. मामीचे धाकटे भाऊ, तिला राता म्हणतात, म्हणजे ताई. मामी त्यांच्यासमोर बसली, मी पडद्यामागे. भांडण सगळं ऐकलं, उजवा कान लावून.

"राता, मी मशिदीत सांगितलंय सगळ्यांना. कायदा पाळायचा. चेहरा झाकणं ही आदत आहे, इबादत नाही. हजला बायका तोंड झाकतात का?"

"वीस वर्षांपूर्वी सौदीहून शिकून आलास तेव्हा कोण ओरडत होतं मशिदीच्या मिंबरवरून? झाका, झाका! तेव्हा इबादत होती. आता बाँब फुटला आणि आदत झाली?"

"तेव्हा माझी दाढीसुद्धा नीट उगवली नव्हती, राता."

"अक्कल तरी उगवली होती का? तुझं ऐकून मी झाकलं. पहिल्यांदा श्वास कोंडायचा. मग सवय झाली. मग त्यात गोडी लागली. आता अल्लाह आणि मी यांच्यामधली गोष्ट आहे ती. तू मध्ये येऊ नकोस."

"आपली उम्मा साडीचा पदर घेऊन उघड्या तोंडानं मासळीबाजारात जायची. ती काय दोजखात गेली?"

"आपल्या आईला मध्ये आणू नकोस!"

"सैनिकांनी तुला धरून नेलं तर?"

"मी उंबराच ओलांडणार नाही. मग काय करतील?"

"आणि इडियप्पम कोण पोचवणार हॉटेलात?"

मामी म्हणाली, "ही जाईल."

ही म्हणजे मी!

२ मे

गेले नाही. ताप आल्याचं सांगितलं.

४ मे

शेजारची शिफ्ना कुंपणापाशी उभी. तोंड उघडं, हातात बकरीचा दोर. म्हणे वाळत घातलेला तिचा नकाब बकरीनं खाल्ला. "बघ, बकरीसुद्धा सरकारच्या बाजूची!" खो खो हसत होती. लग्नात सासूनं अट घातली होती नकाबाची. आता सासू काही बोलू शकत नाही. "नस्लिया, गालाला वारा लागतो गं! विसरूनच गेले होते."

पण तिची जाऊ कालपासून जेवली नाही. ती आपणहून झाकायची. म्हणते, मला रस्त्यात कपडे फेडायला लावल्यासारखं वाटतंय.

शिफ्ना मला म्हणाली, "तू अशी दिसतेस होय! मला वाटलं होतं तू जाडी असशील. आणि तीळ काय छान आहे!"

घरात आले आणि तिळावर हळद चोपडली. धुतल्यावर पिवळा तीळ झाला, बाकी काही नाही.

७ मे

पहिला रोजा. बाहेर पडले. पडावंच लागलं, मामी टोपली भरून उभी होती.

औषधाच्या दुकानातला मास्क लावला. वळणावर सैनिकानं अडवलं. "काढा." काढला. कोवळा पोरगा होता. तो माझ्याकडे बघतच नव्हता, टोपलीकडे बघत होता. झाकण त्यानं लांब उभं राहून बंदुकीच्या टोकानं उचललं! आम्ही दोघं एकमेकांना घाबरून इडियप्पमकडे बघत उभे. मग म्हणाला, "जा."

रस्त्यावरची प्रत्येक व्हॅन त्याचीच वाटत होती. वाटेत बायका एकमेकींकडे नव्यानं बघत होत्या. आवाज ओळखीचा, तोंड अनोळखी. कुणी हसत होतं, कुणी रडत होतं.

हॉटेलवाला कलील म्हणाला, "उवैसा मामीकडची ना तू? चपलांवरून ओळखलं." हिरव्या आहेत, एका पट्ट्याला तार बांधलेली. इथे सगळे असंच ओळखतात — चपला, चाल, खोकला. तोंडाची कुणाला गरजच नव्हती.

११ मे

खाडीवर गेले नाही. खेकडे आठवतात.

१५ मे

कलीलनं सांगितलं. टोपली रिकामी करता करता, सहज.

"तिकडे वायव्येला आपली दुकानं जाळली परवा. लोक नातेवाइकांकडे पळून येताहेत. एक लुंगीवाला आलाय, स्वतःची व्हॅन आहे. त्या गडबडीत बायको हरवली म्हणे बिचाऱ्याची. मोबाइलवर फोटो दाखवत फिरतोय."

विचारलं, "तुम्ही पाहिला?"

"लग्नातला फोटो! एवढी पावडर थापलेली की तिची आईसुद्धा ओळखायची नाही." हसला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. आणि हसायचा थांबला. की मलाच तसं वाटलं?

घरी धावत आले. धावायला नको होतं, सगळे बघतात.

१६ मे

मामीला सांगितलं. सगळं. कुवेत खोटं, कान खरा.

ती तसबीहचे मणी मोजत होती. मोजायची थांबली.

"म्हणजे तू नकाब अल्लाहसाठी घालत नव्हतीस."

"नाही."

"त्या माणसासाठी घालत होतीस."

"त्याला दिसू नये म्हणून."

"तेच ते. त्याच्यासाठीच!" उठून उभी राहिली. "इथे मी माझ्या भावाशी भांडतेय, आदत की इबादत. आणि माझ्याच घरात एक बाई भीती पांघरून फिरतेय. त्याला काय म्हणायचं? आं? काय म्हणायचं त्याला?"

मला काय माहीत. मी कुठे शिकलेय एवढं.

खोलीत गेली, दार लावून घेतलं.

१९ मे

बोलत नाही. पहाटे सहरीला भात वाढते, वाटी आपटते. पण मासा मात्र मला मोठा वाढला. हॉटेलात आता शिफ्नाला पाठवते.

निघून जावं म्हणते. बसस्टँडवर दोन वेळा डोकावून आले. पहिल्या वेळी सैनिक होते. दुसऱ्या वेळी पांढरी व्हॅन होती. मागच्या काचेत लुंग्यांचे गठ्ठे.

२१ मे

पुढच्या दाराचा नुसता आवाज झाला तरी चुलीमागे जाऊन बसते. आज बकरी होती.

२५ मे

अक्षर कसंही येतंय.

अस्रची, तिसऱ्या प्रहराची, अजान नुकतीच झाली होती. दारात आवाज — "अस्सलामु अलैकुम." तोच! गोड, ग्राहकांशी बोलतो तो आवाज. मी चुलीपाशी होते, तिथेच बसले खाली.

मामी पडद्यामागे उभी राहिली. "घरात पुरुष नाहीत. काय असेल ते मशिदीत सांग."

"माझी बायको शोधतोय. बाजारात कळलं, या घरात बाहेरून आलेली एक आहे. ओठाखाली तीळ."

"मशिदीत सांग म्हटलं ना."

मग त्याचा आवाज बदलला. तो बदल मला पाठ आहे. "पडद्यामागे कोण बोलतंय? नस्लिया? आवाज बदलतेस? आता कायदा आहे. तोंड दाखव. नाहीतर त्या सैनिकाला बोलावतो."

मामीचा हात पडद्यावर दिसत होता मला. वीस वर्षांत एकाही परक्या पुरुषानं तिचं तोंड पाहिलेलं नाही. मौलवीनं विनवलं, ती ऐकली नाही. सरकारनं सांगितलं, ऐकली नाही. पडद्याच्या कड्या खळकन वाजल्या.

"बघ!"

त्याच्या चपला मागे सरकल्या.

"नीट बघ. मी तुझी बायको का?"

"माफ करा, उम्मा... चुकलं..." पण गेला नाही. "इथे चपला दोन जोड आहेत. ह्या हिरव्या कुणाच्या?"

मी तोंडात पदर कोंबला.

"माझ्याकडे राहते तिच्या," मामी म्हणाली. अगदी थंडपणे. "नवरा मेलाय तिचा. इद्दतीत बसलीय. परक्या पुरुषाची सावलीसुद्धा तिच्यावर पडता कामा नये. एवढं तरी शिकवलंय ना तुझ्या घरी?"

काही ऐकू येईना. वाटलं उजवा कानही गेला.

मग तो म्हणाला, हळू, कुणी गेल्याचं कळल्यावर मान खाली घालून म्हणतात तसं, अगदी मनापासून — "इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन."

स्वतःसाठी! स्वतःच्याच मयतीचं बोलला तो, आमच्या दारात उभा राहून!

चपलांचा आवाज. व्हॅन सुरू झाली. लांब गेली.

मामी भिंतीला टेकून बसली. तोंड उघडंच. घामानं थबथबलेलं. म्हणाली, "रोज्यात खोटं बोलले मी." मग पदरानं तोंड पुसलं. "की नाही बोलले?"

२६ मे

मामी सकाळीच उघड्या तोंडानं बाजारात गेली आणि माझ्यासाठी पांढरं कापड घेऊन आली. इद्दत म्हणजे चार महिने दहा दिवस घरात बसायचं म्हणे. मला! अजून प्रत्येक गाडीच्या आवाजाला दचकते. पण बसेन.

दुपारी जौफर मौलवी उंबऱ्याशी आले, हळहळले. "कळलं, राता. कधी गेला बिचारा?"

"काल. अस्रच्या वेळी."

"कशानं?"

"आपल्या तोंडानं," मामी म्हणाली, आणि माझ्या हिरव्या चपला उचलून आत आणून ठेवल्या.