तोंडओळख

प्रिय हसीनादी,

काल दुपारी तुझी रुबी येऊन गेली. आत ये म्हटलं तरी आली नाही, दारातच उभी राहिली. "मा गेली. तीन महिने झाले. वैशालीमावशीला कळव म्हणाली होती." आणखी दोन-चार वाक्यं बोलली आणि जिना उतरून गेली. लिफ्टचीसुद्धा वाट बघितली नाही तिनं.

तीन महिने! आणि मी इथे रोज फोन हातात घ्यायचे, तुझं नाव काढायचे आणि ठेवून द्यायचे. तू होतीस तेव्हा एक वाक्य बोलवलं नाही. आता तू वाचणार नाहीस, म्हणून लिहायला बसलेय. बघ, अजूनही किती भित्री आहे मी!

चाकणच्या कंपनीतला माझा पहिला आठवडा आठवतो तुला? गाड्यांच्या वायरी जुळवायची आपली लाइन. समोरच्या बोर्डवर शंभर रंग, आणि मी लाल वायरीच्या जागी तपकिरी लावून रडकुंडीला आलेली. सुपरवायझर यायच्या आत तू मागून हात घातलास आणि सगळा गुंता सोडवलास. "ए बोइशाली, डोळ्याने नाय, बोटाने बघ." बंगालमधल्या मालद्याहून येऊन तुला तेव्हाच दहा वर्षं झाली होती, तरी 'माझा पोरगी' म्हणायचं काही सुटलं नव्हतं. आम्ही सगळ्या हसायचो. तूही हसायचीस. कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा मात्र मला द्यायचीस, मला मळमळतं म्हणून.

मग कोरोना आला. उमेश दवाखान्यात, मी आणि सात वर्षांची ईरा घरात कोंडलेल्या. आमच्या मजल्यावर लाल रिबीन बांधली होती. कचरासुद्धा कुणी उचलत नव्हतं. ज्यांच्या घरी मी संक्रांतीचं वाण दिलं होतं, त्या बायका गॅलरीतून मला बघून आत जायच्या. आणि तू थेरगावहून रावेतपर्यंत चालत आलीस, रिक्षा बंद होत्या ना! खिचडीचा डबा घेऊन. वॉचमन सोडेना, तेव्हा तुझा आवाज वर चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू आला. "बहीण हाय माझी! तू कोण मला अडवणारा?"

नऊ दिवस आलीस. तुला भीती नाही वाटली? मी कधी विचारलंच नाही.

आता ते सांगते, जे तुला माहीतच आहे.

मागच्या उन्हाळ्यात सीमेवर पेटलं. टीव्हीवर दिवसभर नकाशे आणि आरडाओरडा. उमेशचा भाचा तिकडे पोस्टिंगला होता, चार दिवस त्याचा फोन नव्हता. सासूबाई देवापाशी बसून होत्या. आमची भीती खोटी नव्हती, हसीनादी, एवढं तरी मला म्हणू दे. पण सोसायटीच्या ग्रुपवर त्या भीतीचं काहीतरी दुसरंच झालं. 'आपला देश, आपली सुरक्षा' असं लिहून लोक याद्या टाकू लागले. भाजीवाला कुठला, प्लंबर कुठला, कोणाची भाषा कशी. सीमा इथून कितीतरी लांब, पण आमच्या गेटवर पहारा बसला. 'आपण' हा शब्द सगळे मोठमोठ्यानं म्हणत होते, आणि त्यात मावणारी माणसं रोज कमी होत होती. मी ते वाचत होते. एका यादीला अंगठासुद्धा दिला होता मी. हे तुला माहीत नसेल.

त्याच आठवड्यात रुबीचा कॉलेजचा फॉर्म भरायला मीच तुला बोलावलं. मीच! संध्याकाळी पाचला इंटरकॉम वाजला. "मॅडम, खाली या जरा."

खाली चेअरमन आणि चार-पाच जण. मध्ये तू, हातात आधार कार्ड धरून. एक जण म्हणत होता, "कार्ड काय, कुणीही बनवतं. बोलणं ऐका हिचं." मला बघून तुझा चेहरा खुलला. "ये बघा, आली बोइशाली. तिला विचारा."

चेअरमननी विचारलं, "मॅडम, ही तुमची कोण?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला एकदम ती लाल रिबीन आठवली. पुन्हा वाळीत पडायचं नव्हतं मला. मी म्हणाले, "कंपनीत होती. तोंडओळख आहे."

तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. मग त्यांना म्हणालीस, "हां साहेब, मॅडमची जास्त ओळख नाय. मी चुकून आली."

मला वाचवायला खोटं बोललीस! का बोललीस? तिथेच माझ्या अंगावर ओरडली असतीस तर कदाचित मला कंठ फुटला असता.

त्यांनी तुझा फोटो काढला. रात्रीपर्यंत तो थेरगावात पोचला, चार दिवसांत तुझ्या घरमालकानं खोली सोडायला लावली. वीस वर्षांपेक्षा जास्त इथे राहिलेली तू, एका ट्रंकेसह मालद्याला गेलीस. किडनीच्या दुखण्यामुळे तुझं डायलिसिस चालू होतं; तिथे त्यासाठी तालुक्याच्या गावी जावं लागायचं, म्हणून खाडे व्हायचे, हे रुबीनं काल सांगितलं. इथे दवाखाना दहा मिनिटांवर होता.

रुबी निघताना मी तिला विचारलं, "मा माझ्याबद्दल काही बोलायची का?" ती खाली बघत म्हणाली, "मी शिव्या द्यायची तुम्हाला. मा म्हणायची, बोइशाली घाबरली होती, घरात लहान पोरगी हाय तिच्या."

माझी बाजू घ्यायला कुणी सांगितलं होतं तुला?

उमेशचा भाचा सुखरूप आला. ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडले, लोक सगळं विसरले. तुझा फोटो मात्र अजून तिथेच आहे, लाल गोल काढलेला. येत्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. तिथे उभी राहून मी सांगणार आहे, ही बाई कोण होती, आणि त्या दिवशी गेटवर खोटं कोण बोललं. आवाज कापेल, पण सांगेन. तू माफ केलंस असं समजून मात्र नाही. ते मी समजणार नाही.

त्याआधी आज ईराला सांगायचंय. हसीनामावशी गावाला गेली, असं मी तिला वर्षभर सांगत आलेय. ती आता बारा वर्षांची आहे, सगळं कळतं तिला. तिला माझी लाज वाटेल.

वाटू दे.

वैशाली
रावेत