जुन्या घडणीचा कान

नेरूळ,
१२ जानेवारी २०२५

ती. गिरजाआत्यास,
पायलचा सप्रेम जय भीम.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. रागावलीस तरी चालेल, पण मागच्या वेळेसारखं माझ्याच पत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घांना लाल खुणा करून ते परत पाठवू नकोस. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी तुझ्यातली मास्तरीण काही रिटायर होत नाही. व्हॉट्सॲपवर ये म्हटलं तर म्हणतेस, तिथं माणसं बोलत नाहीत, नुसती फुलं पाठवतात. फोनवर मला कानाचं मशीन लावूनही धड कळत नाही. म्हणजे आपल्या दोघींना पोस्टमनच बरा.

शाळेत यंदा माझ्याकडे पाच जण आहेत. सगळ्यात द्वाड उरणची पुतळा. आजीचं नाव ठेवलंय तिला. पाच वर्षांची आहे, कानामागचं मशीन काढून दप्तरात लपवते आणि मग माझ्याकडे बघून हसते. तिला ‘प’ येतो, ‘ब’ येत नाही. बाबांना ‘पापा’ म्हणते, आणि तिच्या बाबांना वाटतं पोरगी इंग्लिश मीडियमची झाली! प, ब, म ओठांवर अगदी सारखे दिसतात ना, फरक फक्त कानाला कळतो. मी तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवते, पुन्हा पुन्हा म्हणून दाखवते आणि ती म्हणते ते ऐकते. बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणारी बाई स्वतः बहिरी, हे ऐकून पालक आधी दचकतात. मग माझं बोलणं ऐकून त्यांचे डोळे भरून येतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

आता जरा टेन्शनची गोष्ट. दरवर्षी दवाखान्यात कसलं ‘मॅपिंग’ करतात म्हणून तू विचारलं होतंस, तर नीट सांगते. माझ्या कानाचे दोन भाग. एक कवटीच्या आत, मेंदूज्वरात कान गेले तेव्हा ऑपरेशन करून बसवलेला, तो कायमचा. दुसरं हे कानामागचं मशीन. कुठला आवाज किती जोरात आत सोडायचा याचं गणित प्रत्येकाचं वेगळं, आणि ते कॉम्प्युटरवरून मशीनमध्ये भरावं लागतं. मशीन बदललं तर नव्यात पुन्हा भरायचं. ते भरणारं सॉफ्टवेअर जुन्या घडणीच्या, ३२-बिटच्या कॉम्प्युटरवरच चालतं. हे बनवणारी आपली कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीनं विकत घेतली, आणि त्यांचं पत्र आलंय. मार्चनंतर जुन्या घडणीचं सगळं बंद. नवीन सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालेल, पण ते माझ्या आतल्या तुकड्याला ओळखणारच नाही. या जातीचे तुकडे आता जगात फार थोड्या लोकांच्या डोक्यात उरलेत म्हणे.

निखिलसर, म्हणजे माझं मॅपिंग करणारे ऑडिओलॉजिस्ट, म्हणाले की आत्ताचं मशीन चालतंय तोवर काळजी नाही. म्हणून मीही करत नाही. तूही करू नकोस.

आई-बाबा बरे आहेत. बाबा अजून बेलापूरच्या ऑफिसातून डबा न संपवता परत आणतात. तब्येतीला जप. पत्र येऊ दे.

तुझी,
पायल

--

वसमत,
९ फेब्रुवारी २०२५

चि. पायल हिस,
गिरजाआत्याचे अनेक आशीर्वाद व जय भीम.

तुझं पत्र मिळालं. यावेळी एकही लाल खूण करावी लागली नाही, म्हणजे मला खूश ठेवून वाईट बातमी सांगायची होती, हे मी ओळखलं.

बाई, मला त्या बिट-फिटातलं काही कळत नाही. मला एवढंच कळतं की पोरीच्या डोक्यात तुकडा बसवताना या लोकांनी ‘जन्मभर टिकेल’ म्हणून सांगितलं होतं. मी होते तिथं. तुझ्या आईला रडू आवरेना, म्हणून कागदांवर सह्या करताना माझ्या भावाशेजारी, रावसाहेबाशेजारी मीच बसले होते. तुकडा टिकला, मग बाकीच्यांनी का टिकू नये?

दोन गोष्टी कर. एक जास्तीचं मशीन कुठून मिळतं का पाहा. वापरलेलं असलं तरी चालेल. आणि त्या निखिलसरांना म्हणावं, जुना कॉम्प्युटर फेकू नका, कपाटात कुलूप लावून ठेवा. इकडं आमच्या शेजारच्या सुभाषनं बापाच्या वेळचं इंजिन असंच जपलंय. कंपनी कधीच बुडाली, इंजिन पाणी उपसतंय.

मी स्वतः त्या कंपनीला पत्र लिहिणार आहे. हसू नकोस. रजिस्टर पोस्टानं लिहिणार आहे.

मशीन कसं आहे ते दर पत्रात कळवत जा. घामानं खराब होतं ना ते? आणि पुतळाला मारू नकोस. द्वाड पोरं पुढं चांगली निघतात, तू नाही का निघालीस.

सर्वांना जय भीम. मायेत अंतर नको.

तुझी,
आत्या

--

नेरूळ,
१८ मे २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम.

तुझ्या दोन्ही गोष्टी ऐकल्या होत्या गं. आधी ते सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की पोरगी ढिली पडली.

पुण्यात एक बाई सापडल्या. त्यांच्या मुलाच्या डोक्यात माझ्याच जातीचा तुकडा होता. परदेशात त्याचं दुसरं ऑपरेशन झालं आणि जुनं मशीन घरात पडून राहिलं. त्यांनी ते मला पाठवलं, वर डब्यात चिवडा. निखिलसरांनी तपासलं, एकदम ओके. फक्त त्यात माझं गणित भरायचं राहिलं होतं. जुना कॉम्प्युटरही त्यांनी जपला होता, खोलीच्या कोपऱ्यात, वर चिठ्ठी लावून: हलवू नये.

मग त्यांच्या आईला पॅरालिसिसचा झटका आला आणि सर गावी गेले. तेवढ्यात हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवाल्यांनी सगळे जुने कॉम्प्युटर उचलले. ज्यांना आता अपडेट मिळत नाहीत ते कॉम्प्युटर ठेवले तर त्यातून व्हायरस शिरतो, पेशंटची माहिती चोरीला जाते, असा वरून आदेश होता. चिठ्ठी वाचली का विचारलं, तर म्हणाले, अशा चिठ्ठ्या प्रत्येक जण लावतो. ते काही वाईट नव्हते, आत्या. एकानं तर मला बसायला खुर्ची दिली.

बाबांनी अर्धी रजा टाकली आणि आम्ही तुर्भ्याला भंगारवाल्याच्या गोडाऊनमध्ये गेलो. डोंगर होता नुसता. बाबा ऑफिसच्या कपड्यांत त्या ढिगावर चढले. आणि सापडला! चिठ्ठी अर्धी फाटलेली, पण तोच. मी ओरडलेच. बाबांनी तो लहान बाळासारखा छातीशी धरून रिक्षापर्यंत आणला.

सरांनी परत आल्यावर उघडला. आतल्या डिस्कला आरपार भोकं पाडली होती. भंगारात देण्याआधी तसा नियम आहे, पेशंटची माहिती कुणाच्या हाती लागू नये म्हणून. माझी माहितीही त्यातच होती. कंपनीकडून सॉफ्टवेअरची दुसरी प्रत मागितली, तर ते म्हणाले की हे उत्पादन आता त्यांच्या यादीतच नाही.

आता सर जगभरात मेल करतायत, कुणाकडे जुनी प्रत उरली आहे का. दुसरं मशीन माझ्या कपाटात आहे. चांगलं चालू मशीन, फक्त माझ्यासाठी मुकं.

माझं मशीन ठीक आहे. खरंच ठीक आहे. पुतळाला अजून ‘ब’ येत नाही.

आठवण ठेव.

पायल

--

नेरूळ,
२१ जुलै २०२५

ती. ताईस,
रावसाहेबाचा सविनय जय भीम. विनंती विशेष.

हे पत्र ऑफिसातून लिहीत आहे. पायलला यातलं काही कळवू नये, ही विनंती.

तिचं मशीन बंद पडलं. जूनच्या शेवटी शाळेतून आली आणि सरळ आत जाऊन झोपली. तिच्या आईला वाटलं, डोकं दुखतंय. दुसऱ्या दिवशी तिनंच मशीन काढून माझ्यासमोर ठेवलं. दुरुस्तीला दिलं होतं. आतला भाग जळाला आहे, तो आता बनत नाही, असं सांगून परत केलं.

मोठ्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. कवटीतला तुकडा काढून नव्या जातीचा बसवता येईल का, हे विचारलं. त्यांनी स्कॅन पाहून सांगितलं की मेंदूज्वरानंतर कानाची आतली पोकळी हाडानं भरत गेली आहे. जुना काढला तर नवा आत जाईलच असं नाही. दुसरा कान तर तेव्हापासूनच बुजलेला आहे. त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं. पायल त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिला किती कळलं माहीत नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाली, चहा पिऊ या.

ताई, तिचा आवाज बदलत चालला आहे. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं तो कधी फार चढतो, कधी पुटपुटल्यासारखा होतो. परवा बसमध्ये तिनं मला स्टॉप आला म्हणून सांगितलं, तर सगळे वळून पाहू लागले. एक बाई घाबरली. पायलनं त्यांचे चेहरे पाहिले. तेव्हापासून ती घराबाहेर तोंड उघडत नाही. घरातही कमीच. तिच्या आईनं तिला बोलतं करण्यासाठी इतकी वर्षं घातली, आता ती स्वयंपाकघरात पाणी सोडून रडते. तसं करायची गरज नाही, हे तिच्या लक्षात येत नाही. पायलला आता ऐकू येत नाही ना.

शाळेत जाते, पण तिथं काय करते ते सांगत नाही. मी सरकारी माणूस. अर्ज करायचा तर कुणाकडे, हे तरी मला कळायला हवं होतं. इथं कुणी ‘नाही’ म्हणत नाही, आणि कुणाच्या हातातही काही नाही.

तू थोरली आहेस. तिला काहीतरी लिही. काय लिहायचं ते मला सुचत नाही.

तुझा,
रावसाहेब

--

वसमत,
१७ ऑगस्ट २०२५

चि. पायल,
अनेक आशीर्वाद.

बऱ्याच दिवसांत तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहिते. इकडं सोयाबीन बरं आहे. सुभाषची मोठी मुलगी नर्सिंगला लागली. तुझ्यासाठी शेवया करून ठेवल्या आहेत.

कंपनीला मी मार्चमध्येच पत्र पाठवलं होतं. मी मराठीत लिहिलं, सुभाषनं त्याचं इंग्रजी केलं. तुझ्या लहानपणापासूनचं सगळं लिहिलं. तू पहिला शब्द ‘आत्या’ म्हणाली होतीस, तेही लिहिलं, जरी तुझी आई म्हणते की तो ‘आता’ होता. त्यांचं उत्तर आलं आहे. छापील, चार ओळींचं. खाली सहीसुद्धा नाही. आपण आमच्या परिवाराचा भाग होता, याबद्दल आभार, असं त्यात आहे. सुभाषनं दोनदा वाचून दाखवलं. मी त्याला विचारलं, ‘आहात’ की ‘होता’? तो म्हणाला, ‘होता’.

दिवाळीच्या सुट्टीत ये. मी रोज तुझ्यासमोर बसून सावकाश बोलेन, तू म्हणशील तसं. काही बोलली नाहीस तरी ये. मला घरात माणूस हवं आहे.

लोभ आहे तसा राहो.

आत्या

--

नेरूळ,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
जय भीम.

दर पत्रात विचारायचीस, मशीन कसं आहे. यावेळी विचारलं नाहीस. तेव्हाच कळलं की बाबांनी तुला लिहिलं. त्यांना रागावू नकोस, मीही रागावले नाही.

निखिलसरांना प्रत मिळाली होती. ब्राझीलमधल्या एका माणसानं पाठवली, त्याची बायको माझ्यासारखीच. सरांनी कुठून तरी जुना कॉम्प्युटर आणला, माझं दुसरं मशीन जोडलं. सॉफ्टवेअर सुरूही झालं. पडद्यावर ते जुनं हिरवं चित्र आलं, लहानपणी दर वर्षी बघायचे ते. आईनं माझा दंड घट्ट धरला. मग ते कंपनीच्या कॉम्प्युटरला परवानगी विचारायला लागलं. सुरू होताना दर वेळी विचारतं म्हणे. तिकडचा कॉम्प्युटर त्यांनी बंद करून टाकलाय. ते विचारत राहिलं, आम्ही बघत राहिलो. मग आपोआप बंद झालं. सरांनी पुन्हा पुन्हा केलं. शेवटी मान खाली घालून ते काहीतरी बोलले. ओठ दिसले नाहीत. मी विचारलं नाही.

शाळा सोडली. कुणी काढलं नाही, उलट मोठ्या बाई म्हणाल्या की ऑफिसचं काम बघ. पण एक दिवस पुतळानं माझा हात ओढून तिच्या गळ्यावर ठेवला आणि काहीतरी म्हणाली. ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले, उघडले. ती माझ्याकडे बघत थांबली. पापा म्हणाली, बाबा म्हणाली की मामा, मला कळलं नाही. हाताला थरथर लागली, पण ती तिची होती की माझी तेही कळेना. मी टाळ्या वाजवल्या. ती हसली नाही, आत्या. तिला कळलं की मी खोटं वाजवतेय. त्याच दिवशी अर्ज दिला.

बेलापूरला हातांची भाषा शिकवतात, तिकडे जायला लागलेय. लहानपणी हात वापरले की बोलणं येणार नाही म्हणून माझे हात धरून ठेवायचे. आता बोटं वळत नाहीत. तिथली मुलं झरझर बोलतात आणि मी त्यांच्यातही मागे. इकडची राहिले नाही, तिकडची अजून झाले नाही.

दिवाळीला येणार नाही. तिथं सगळ्यांनी मला बोलताना ऐकलंय, मुलगी किती छान बोलते म्हणून ज्याला त्याला सांगितलंय. त्यांना तेवढंच ऐकलेलं राहू दे.

एक सांगते, आईनं सांगायच्या आधी. गेल्या सोमवारी अश्विन पौर्णिमा होती, भन्तेजींचा पावसाळ्यातला वर्षावास संपला, म्हणून आई मला विहारात घेऊन गेली. मी नको म्हणत होते. वंदना सुरू झाली, सगळ्यांचे ओठ हलायला लागले. मला ती लहानपणापासून पाठ, म्हणून मीही म्हणायला लागले. किती दिवसांनी मोठ्यानं काही म्हणत होते. डोळे मिटले. एकही शब्द चुकला नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे. बरं वाटत होतं, सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळलाय असं.

डोळे उघडले तर सगळे गप्प होते. हात खाली, पुस्तकं मिटलेली, आणि माझ्याकडे बघत होते. भन्तेजीसुद्धा. त्यांचं म्हणून केव्हाच झालं होतं. मी एकटीच म्हणत होते. मला कुणी थांबवलं नव्हतं. आई शेजारी मान खाली घालून बसली होती, माझा हात तिच्या मांडीवर.

मी उरलेलं कडवं म्हटलं नाही.

शेवया पार्सलनं पाठव. आणि पत्रं लिहीत राहा. लाल खुणा केल्यास तरी चालेल.

तुझीच,
पायल